शिक्का, क्रमांक आणि काच : जुन्या पोलिसी व लष्करी रिव्हॉल्व्हरांच्या संग्रहदृष्टीची समीक्षा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील शस्त्रसंग्रहाची परंपरा समृद्ध आहे असे आपण नेहमी म्हणतो, आणि ते खोटे नाही. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालय, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, अशी नावे सहज सांगता येतात. गावोगावी भरणाऱ्या शिवकालीन शस्त्रांच्या प्रदर्शनांनी या अभिरुचीला लोकाश्रयही मिळवून दिला आहे. तलवारीची मूठ कोणत्या घाटाची, पाते फिरंगी की देशी, कट्यारीवरील नक्षी कोणत्या प्रांतातली, याविषयी आपल्याकडचा सामान्य दर्शकही चार वाक्ये आत्मविश्वासाने बोलू शकतो. तथापि ही दृष्टी ठासणीच्या बंदुकीपाशी येऊन थांबते. त्यापुढचे शस्त्र, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पोलीस व लष्करी अधिकाऱ्यांच्या कमरेला आलेले रिव्हॉल्व्हर, आपल्या संग्रहविचारात जवळजवळ बिनचेहऱ्याचे राहिले आहे. काचेमागे ते असले तरी चिठ्ठीवर बहुधा ‘जुने पिस्तूल’ एवढेच लिहिलेले असते.

या उदासीनतेचे कारण अनास्था नसून चुकीच्या निकषांनी घडलेली आस्था आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. आपण रिव्हॉल्व्हरकडे तलवारीच्या नजरेने पाहतो. त्यात कारागिरी, झळाळी आणि वीरपुरुषाचे नाव शोधतो. ते सापडले नाही की वस्तू मुकी आहे असे समजतो. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जिथे १९४७-४८चा संघर्ष शस्त्रांशिवाय सांगताच येत नाही, तिथे या चुकीची किंमत अधिक मोजावी लागली आहे.

एका शब्दाची अडचण

प्रथम भाषेविषयी. मराठीत ‘पिस्तूल’ हा शब्द हाती मावणाऱ्या कोणत्याही बंदुकीला लावण्याची रूढी आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले हत्यार ब्राउनिंग बनावटीचे होते. त्यातील काडतुसे मुठीतील पेटीतून आपोआप वर सरकतात. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर रोखले ते रिव्हॉल्व्हर होते. त्यात काडतुसे फिरत्या चक्रातील घरांत बसतात. आपल्या लेखनात मात्र दोन्ही ‘पिस्तूल’च. हा भेद केवळ तांत्रिक नाही. ब्राउनिंग हे त्या काळी नवे, चपटे, खिशात लपणारे आणि युरोपातील खुल्या बाजारातून गुप्तपणे आणता येणारे हत्यार होते. लष्करी रिव्हॉल्व्हर बोजड, आणि हिंदुस्थानात तरी सरकारी अधिकाराशी जोडलेले होते. सावरकरांनी लंडनहून धाडलेली पिस्तुले पुस्तकाप्रमाणे सामानात दडवून येऊ शकली, यात त्या वस्तूच्या घडणीचाही वाटा आहे. शब्द एक केला की हा वाटा दिसेनासा होतो.

लोकप्रिय वाङ्मयाने या गोंधळात भरच घातली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना पिस्तुलाचे आकर्षण दिले. पण ते आकर्षण धुराचे आणि धमकीचे होते, वस्तूचे नव्हे. त्याबद्दल अर्नाळकरांना दोष देण्याचे कारण नाही. रहस्यकथेला एवढेच हवे असते.

कारखान्यातील वस्तू कशी वाचावी

तलवार हाताने घडते, म्हणून प्रत्येक तलवार दुसरीहून निराळी असते आणि तिचे निराळेपण तिच्या रूपात दिसते. रिव्हॉल्व्हर यंत्रावर घडते. एकाच बनावटीची हजारो हत्यारे एकसारखी. त्याचे निराळेपण त्यावर उमटवलेल्या शिक्क्यांत आणि क्रमांकांत असते. हा फरक ध्यानी घेतल्याशिवाय या वस्तूचे रसग्रहण सुरूच होत नाही. दिनकर केळकर, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, त्यांनी अडकित्ता आणि दिवा यांसारख्या घरगुती वस्तूंना संग्राह्य ठरवून मराठी अभिरुचीत मोठी क्रांती केली. परंतु तीही हस्तकौशल्याच्या निकषावरच उभी होती. कारखान्याच्या मालासाठी निकष बदलावा लागतो.

उदाहरणादाखल वेब्ली घ्यावे. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचे .४५५ व्यासाचे रिव्हॉल्व्हर १८८७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. त्यानंतर सुधारणा होत होत १९१५ साली सहावी आवृत्ती आली. ती पहिल्या महायुद्धात लाखाहून अधिक संख्येने तयार झाली. वजन सुमारे एक किलो. वरची कळ दाबली की नळी पुढे झुकते, मागचा भाग उघडतो आणि रिकामी टरफले एकदम बाहेर पडतात. घोड्यावर बसलेल्या, एक हात लगामात गुंतलेल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची. मुठीच्या तळाशी एक कडी असते. तीत दोरी ओवून ती गळ्यात वा खांद्यावर अडकवीत, म्हणजे हातातून सुटले तरी हत्यार धुळीत पडत नसे. आज ती कडी पाहणाऱ्याला निरर्थक वाटते. प्रत्यक्षात ती घोडेस्वाराची आणि गस्तीची खूण आहे.

१९३२ साली एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याने .३८ व्यासाचे, वजनाने हलके रिव्हॉल्व्हर काढले. १९३८ पासून त्याच्या घोड्याची बाहेर आलेली जीभ काढून टाकण्यात आली, कारण रणगाड्याच्या अरुंद जागेत ती कपड्यांत व यंत्रांत अडके. दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आलेल्या पूर्वीच्या हत्यारांचीही जीभ कापली गेली. अनभिज्ञ दर्शकाला असे रिव्हॉल्व्हर मोडके वाटते. जाणकाराला त्या कापलेल्या जागी घोड्याकडून रणगाड्याकडे गेलेल्या सैन्याचा इतिहास दिसतो. वस्तूतील उणीव हीच तिची नोंद असते, हे तलवारीच्या रसिकाला पटवणे जरा कठीण जाते.

आता शिक्के. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर रुंद बाणाची खूण असे. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाखाली रोमन लिपीतील ‘आय’ हे अक्षर असे. सरकारी सेवेतून काढून विकलेल्या हत्यारावर दोन बाण टोकाला टोक लावून उमटवीत. अनेक संस्थानांनी आपल्या शस्त्रागाराचे नाव वा क्रमांक बंदुकांवर कोरून घेतल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणजे एखाद्या हत्याराच्या अंगावर तो कुठे घडला, कोणाच्या ताब्यात गेला, केव्हा सेवामुक्त झाला, अशी चार-पाच वाक्ये धातूत लिहिलेली असू शकतात. आमच्या देवणीच्या बाजारात जनावर घेणारा शेतकरी वानेरा की शेवरा हे रंगावरून ओळखतोच, पण तेवढ्यावर थांबत नाही. तो तोंड उघडून दात पाहतो, आदत की चारदाती की जुळलेला हे ठरवतो, खूर तपासतो, आणि मग बोली करतो. रिव्हॉल्व्हरपुढे उभा राहिलेला सुशिक्षित दर्शक रंगापाशीच थांबतो.

पोलिसी रिव्हॉल्व्हरचा प्रवास तर पोलीसव्यवस्थेच्या प्रवासाशी जोडलेला आहे. १८४३ नंतर नेपियरने सिंधमध्ये उभारलेले पोलीसदल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर होते. तोच नमुना पुढे मुंबई इलाख्याने उचलला. याच आयरिश दलाने १८६८च्या सुमारास स्वीकारलेले आखूड नळीचे वेब्ली त्या दलाच्या नावानेच प्रसिद्ध झाले आणि साम्राज्यातील इतर पोलिसांकडेही गेले. जित प्रदेशावर नजर ठेवण्याची पद्धत आणि त्यासाठीचे हत्यार, दोन्ही एकाच वाटेने प्रवास करीत होती. ही गोष्ट पोलीस प्रशासनाच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ती हत्यारांच्या नामावलीत सापडते.

इंदूरची साक्ष

क्रमांकाचे महत्त्व पटवण्यास अलीकडचे एक उदाहरण पुरेसे आहे. ते रिव्हॉल्व्हरचे नसून पिस्तुलाचे आहे, परंतु तत्त्व तेच. इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रप्रशिक्षण केंद्राच्या संग्रहात .३२ व्यासाचे एक कोल्ट पिस्तूल कित्येक वर्षे इतर हत्यारांबरोबर मांडलेले होते. १९६९ साली ते पंजाबातील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेकडून आले होते. गंज लागू नये म्हणून त्यावर काळा रंग दिलेला असल्याने क्रमांक दिसत नव्हता. २०१६च्या सुमारास रंग खरवडण्यात आला आणि १६८८९६ हा क्रमांक उघड झाला. लाहोरच्या साँडर्स खटल्याच्या कागदपत्रांतील क्रमांकाशी तो जुळला. भगतसिंगांचे पिस्तूल अशी त्याची ओळख पटली आणि २०१७ साली ते हुसैनीवाला येथे नेण्यात आले. १७ डिसेंबर १९२८ रोजी साँडर्सवर भगतसिंगांबरोबर गोळी झाडणारे शिवराम हरी राजगुरू हे पुणे जिल्ह्यातील खेडचे. त्यामुळे हा विषय आपल्यालाही परका नाही.

या घटनेची वृत्तपत्रीय बाजू सर्वांना ठाऊक आहे. समीक्षकाने वेगळ्या बाजूकडे पाहावे. हत्यार हरवले नव्हते. ते संग्रहालयात होते, सुस्थितीत होते, दर्शक त्याच्यासमोरून जात होते. निष्काळजीपणाने नव्हे, तर काळजीने दिलेल्या रंगाने त्याचे तोंड बंद केले होते. आणि ते बोलू लागले ते एका न्यायालयीन कागदामुळे. वस्तू आणि दप्तर एकमेकांसमोर ठेवली तेव्हाच ओळख पटली. एकटी वस्तू किंवा एकटे दप्तर पुरेसे नव्हते.

आपल्या घराघरांतही असाच काळजीचा रंग चढत असतो. खंडेनवमीला शस्त्रे काढायची, राखेने वा लिंबाने घासायची, तेल लावायचे, हळदकुंकू वाहायचे, ही रीत वाड्यांतून आहे आणि पोलीस ठाण्यांतूनही आहे. पोलादी तलवारीला ते घासणे बहुधा सोसते. रिव्हॉल्व्हरवरील मूळ निळसर-काळा मुलामा मात्र पातळ असतो आणि शिक्के उथळ असतात. पन्नास दसऱ्यांत ते गुळगुळीत होतात. काही हौशी मालक तर हत्यारावर चकचकीत निकेलचा थर चढवून घेतात. परदेशातील संग्राहक मूळ मुलामा सत्तर टक्के राहिला की ऐंशी, यावर वाद घालतात. आपल्याला ते वेड वाटते. त्या वेडात बाजारूपणा आहे हे मान्य केले तरी मूळ पृष्ठभाग हा पुरावा असतो ही त्यामागची जाण आपण घ्यायला हवी. पूजा करू नये असे येथे सुचवायचे नाही. तेलाचा बोळा पुरेसा आहे, राखेची गरज नाही, एवढेच.

मराठवाड्याचे रिकामे कपाट

या विवेचनाचा रोख आपल्या प्रदेशाकडे आहे. १९४८ साली देवणी हा हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्याचा भाग होता. संस्थानात आधुनिक पोलीसखाते पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांतून १८६०च्या दशकात आकारास आले होते. रझाकार संघटनेचे नेतृत्व करणारे कासिम रझवी हे लातूरला वकिली केलेले गृहस्थ. १९४८ साली सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांनी संस्थानात शस्त्रे उतरवीत होता आणि त्यासाठी बीदरच्या धावपट्टीचाही उपयोग झाला. बीदर देवणीहून किती जवळ आहे हे येथील वाचकाला सांगायला नको. दुसरीकडे सरहद्दीवरील कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिक मिळेल ते हत्यार जमवीत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटण्यात आली ती लढ्याला पैसा हवा होता म्हणून. भरमार बंदुका, शिकारीची दुनळी, हातबॉम्ब आणि क्वचित एखादे रिव्हॉल्व्हर, असा तो सरंजाम. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईनंतर सर्व बाजूंची शस्त्रे गोळा झाली.

त्यानंतर काय उरले? आठवणी उरल्या, सत्कार उरले, निवृत्तिवेतनाच्या फायली उरल्या. अनंत भालेरावांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ उरला, हे आपले भाग्य. पण १७ सप्टेंबरच्या निमित्ताने भरणारी जी प्रदर्शने प्रस्तुत लेखकाने पाहिली, त्यांत छायाचित्रे, ध्वज आणि भाषणांचे उतारे होते. एकही हत्यार क्रमांकासह, नोंदीसह मांडलेले नव्हते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाचे शस्त्रदालन प्रेक्षणीय आहे, परंतु ते दरबाराचे दालन आहे, ठाण्याचे किंवा कॅम्पाचे नाही. प्रयागराजच्या संग्रहालयात चंद्रशेखर आझादांचे पिस्तूल पाहायला लोक मुद्दाम जातात. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला आपल्या आजोबांच्या काळातील हत्यार कोठे पाहावे हे सांगता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्या हत्यारांनी गावे जाळणाऱ्यांना बळ दिले, ज्यांनी पोलीस कारवाईनंतरच्या काळात निरपराधांनाही धाक घातला, त्यांचे रसग्रहण कसले करायचे? आक्षेप गंभीर आहे आणि तो ‘इतिहास म्हणून पाहा’ एवढ्या उत्तराने सुटत नाही. शस्त्राच्या सौंदर्याची चर्चा जखमेला बाजूला सारते, हे खरे आहे. परंतु जखम बाजूला सारण्याचे काम वीरपूजक चिठ्ठीही तितकेच करते. ‘अमुक हुतात्म्याचे पिस्तूल’ एवढे लिहिले की दुसऱ्या कोणाच्या हातातील तसेच हत्यार आपण विसरतो. इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ साली अर्जुन अप्पादुराई संपादित ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ या ग्रंथात वस्तूंचेही चरित्र लिहिता येते असा विचार मांडला. त्या अर्थाने रिव्हॉल्व्हरचे चरित्र हे एका धन्याचे चरित्र नसते. कारखाना, सरकारी कोठार, अधिकारी, कदाचित लूट, कदाचित शरणागती, मग एखाद्या पाटलाचा परवाना, मग मुद्देमालाची खोली. शिक्क्यांचे वाचन वीरपूजेला आणि बाजारू कौतुकाला, दोहोंना अटकाव करते, कारण शिक्का कोणाचीही बाजू घेत नाही.

कायदा, बाजार आणि तिसरे शस्त्र

संग्रहाच्या या उणिवेला कायद्याची एक बाजू आहे. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. म्हणून त्या काळातील हिंदी घराण्याकडे रिव्हॉल्व्हर असणे हीच मुळात एक राजकीय माहिती आहे. त्याच्यासोबतचा परवाना हा त्या वस्तूचा दुसरा अर्धा भाग समजावा. आपण हत्यार जपतो आणि परवान्याचा जीर्ण कागद फेकतो. संग्राहकाच्या दृष्टीने हा उलटा व्यवहार आहे.

स्वतंत्र भारताच्या १९५९च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ कालबाह्य वा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्तीनेही चालण्याजोगे नसेल तरच. १९७२च्या पुरावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांची ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. १९१५ची वेब्ली ती मर्यादा ओलांडून गेली आहे, तरी तिचा घोडा पडत असेल तर ती शस्त्रच राहते. परिणाम विचित्र होतो. वस्तू जितकी चांगली जपावी तितकी ती अडचणीची, आणि जितकी मोडून टाकावी तितकी निर्धास्त. सार्वजनिक सुरक्षिततेचा विचार करता कायद्याचा कठोरपणा समजण्यासारखा आहे आणि तो सैल करावा अशी मागणी येथे नाही.

बाजाराने तर रसग्रहणाचा विचकाच केला. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयात बंद झाल्याने पूर्वी आलेल्या विलायती हत्यारांचे मोल कृत्रिमरीत्या वाढले. इंग्लंडात जे .३२चे वेब्ली सामान्य समजले जाईल त्याला येथे लाखांच्या घरात किंमत सांगितली जाऊ लागली. कानपूरच्या आयुध कारखान्यांनी .३२ रिव्हॉल्व्हर बनवले, २०१४ साली ‘निर्भीक’ आणले. त्यांची घडणही जुन्या वेब्लीचीच वंशज आहे. पण ‘विलायती’ या विशेषणाची जादू कमी झाली नाही. या जादूला संग्रहवृत्ती म्हणू नये. ती प्रतिष्ठेची खरेदी आहे.

१४ डिसेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. तिसरे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. वारशाने आलेले शस्त्रही या मर्यादेत आले. ज्या कुटुंबापुढे तीनपैकी एक देण्याचा प्रश्न आला, त्याने कोणते दिले असेल याचा तर्क कठीण नाही. चालते, नवे, काडतुसे मिळणारे हत्यार ठेवायचे आणि आजोबांच्या काळचे, काडतूस दुर्मीळ झालेले द्यायचे, हाच व्यवहार. परवानाधारक वारल्यावर वारसांनी नको म्हणून जमा केलेल्या शस्त्रांची गत याहून वेगळी नसते. अशी शस्त्रे पुढे सरकारजमा होतात आणि नष्टही केली जातात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच असेल. परंतु नष्ट होण्यापूर्वी त्यावरील शिक्के आणि क्रमांक कोणी उतरवून घेतो का?

ठाण्यातील नोंदवहीत परवाना क्रमांक, बोअर आणि बनावट लिहिलेली असते. संस्थानी खूण, सेवामुक्तीचे बाण, मुठीवर कोणी कोरलेली आद्याक्षरे यांना त्या वहीत रकाना नाही. तो रकाना महाविद्यालयांना भरता येण्याजोगा आहे. मराठवाड्यातील इतिहास विभाग मोडी आणि फारसी दप्तरे वाचण्याचे शिक्षण देण्यासाठी धडपडतात. त्याच पठडीत धातूवरील खुणांचे वाचन बसते. जिल्ह्यातील जमा शस्त्रांपैकी १९५०पूर्वीची वेगळी काढावीत, पोलिसांच्या उपस्थितीत प्रत्येकाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, जुना परवाना असेल तर त्याची प्रत जोडावी आणि ज्या घरातून हत्यार आले तेथील ज्येष्ठाची साक्ष, त्यांच्या संमतीने व नाव गुप्त ठेवून, नोंदवावी. हत्यार विद्यापीठाच्या कपाटात आणण्याची मुळीच गरज नाही. शिक्क्याचा ठसा उतरवायला पातळ कागद आणि मऊ शिसपेन्सिल पुरते. परवानगी मात्र पोलीस अधीक्षकांची लागेल, आणि तो अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने गेलेला बरा.